पान्याच्या आवाक्याबाहेर

7 नोव्हेंबर 2022 रोजी मंडल्यातल्या जाहीर कार्यक्रमात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी व्यासपीठावरून लोकांची माफी मागितली. विषय होता बरेला ते मंडला या जबलपूरकडून जाणाऱ्या 63 किलोमीटरच्या रस्त्याचा. सुमारे 400 कोटींचे ते काम नीट झालेले नाही, हे मंत्र्यांनीच कबूल केले. उरलेल्या कामाची नवी निविदा काढा आणि तोवर जुना रस्ता दुरुस्त करा, असेही त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. राष्ट्रीय महामार्गाची ही गत, तर त्याला फुटणाऱ्या रस्त्यांची कल्पना वाचकांनीच करावी. कुंडम, शहपुरा, निवास, डिंडोरी या भागात मुख्य रस्ता सोडून दहा-पंधरा किलोमीटर आत शिरले की कुठे उखडलेले डांबर, कुठे मुरूम, कुठे ओढ्यातले गोटे, आणि पावसाळ्यात चाकाला धरून बसणारी काळी माती.

आमच्या जबलपुरात डांबरावर आणि डांबराबाहेर दोन्हीकडे चालणारी मोटरसायकल घेणारा माणूस हौशी असतोच, पण निव्वळ हौशी नसतो. पुढचे चाक 21 इंची, पोटाखाली वीतभर मोकळी जागा, लांब प्रवासाचे सस्पेन्शन, तारांची चाके ही त्याची इथली गरज आहे. कान्ह्याच्या वाटेवर कामासाठी फिरणारे लोक या गाड्या वापरतात, बरगी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांत जाणारे वापरतात. अलीकडे नर्मदा परिक्रमेला पुण्या-नाशिकहून मोटरसायकलवर येणारी मराठी मंडळीही अशाच गाड्यांवर दिसतात. मैया उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, हा नियम पाळायचा तर सरळ रस्ता पुष्कळदा सोडावाच लागतो. अमरकंटक ते ग्वारीघाट हा टप्पा नकाशावर लहान दिसतो. गाडी बंद पडली की तो किती लांब आहे ते कळते.

या गाड्यांना ‘ड्युअल-स्पोर्ट’ किंवा ‘ॲडव्हेंचर’ म्हणण्याची पद्धत नवी आहे, काम जुने आहे. सैन्याच्या सिग्नल्स दलाचे प्रशिक्षण केंद्र जबलपुरात आहे. निरोप पोचवणारे डिस्पॅच रायडर याच दलाचे, आणि त्यांच्या परंपरेतला ‘डेअरडेव्हिल्स’ हा मोटरसायकल कसरतींचा चमू 1935 पासूनचा. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात बुलेटवर मनोरे रचणारे जवान अनेकांनी टीव्हीवर पाहिले असतील. गावाकडे हेच काम राजदूत 175 करत असे. पोलंडच्या एसएचएल एम-11 या गाडीवरून एस्कॉर्ट्सने ती बनवली होती. दुधाचे दोन-दोन कॅन लटकवून ती शेताच्या बांधावरून जायची आणि बिघडली तर बहुतेक वेळा त्याच बांधावर दुरुस्त व्हायची.

आता गेल्या दहा वर्षांचा हिशेब पाहू. 2016 मध्ये आलेली रॉयल एनफील्डची पहिली हिमालयन 411 सीसीची, हवेने आणि तेलाने थंड होणारी, कार्ब्युरेटरची, साधारण साडेचोवीस अश्वशक्तीची होती. पुढे तिला फ्युएल इंजेक्शन आले, एबीएस आले, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तिच्या जागी 452 सीसीची, पाण्याने थंड होणारी, 40 अश्वशक्तीची, नकाशे दाखवणाऱ्या गोल पडद्याची, थ्रॉटलला केबलऐवजी वायर असलेली पूर्ण नवी गाडी आली. हिरोची एक्सपल्स 200 मे 2019 मध्ये आली तेव्हा ग्राहकाला चक्क निवड होती: कार्ब्युरेटरची घ्या नाहीतर इंजेक्शनची. कार्ब्युरेटरवालीची किंमत शोरूमला 97 हजार आणि वजन 153 किलो होते. जानेवारी 2025 मध्ये आलेली एक्सपल्स 210 पाण्याने थंड होते, तिची ताकद साडेचोवीसच्या पुढे गेली, किंमत पावणेदोन लाखांवर पोचली आणि वजनही वाढले. चाकणला तयार होणारी केटीएम 390 ॲडव्हेंचर 2020 मध्ये आली तीच इलेक्ट्रॉनिक्सने भरलेली होती. 2025 च्या नव्या रूपात ते आणखी वाढले.

प्रत्येक नव्या रूपावर गाडीवाल्यांमध्ये वाद झडतात. चहाच्या टपरीवर झडतात, राइडच्या आदल्या रात्री झडतात. ताकद पुरते की कमी पडते, पडदा उन्हात दिसतो का, ट्रॅक्शन कंट्रोल हवे की नको, तारांची चाके ट्यूबलेस का नाहीत, सीट उंच झाली की ठेंगणी. हे प्रश्न निरर्थक नाहीत. पण मला यात एक मोठी चूक होताना दिसते आणि ती धोक्याची आहे. ही गाडी कोण उघडू शकतो, कशाने उघडू शकतो आणि उघडल्यावर आत घालायला काय मिळते, हा प्रश्न या वादांत जवळजवळ येतच नाही. जी गाडी मुळात वस्तीपासून लांब जाण्यासाठी घेतली जाते, तिच्याबाबत हा पहिला प्रश्न असायला हवा. ग्राहक तो विचारत नाहीत, म्हणून कंपन्यांनाही त्याचे उत्तर द्यावे लागत नाही. असेच चालले तर आणखी दहा वर्षांनी डिंडोरीच्या अंगणात ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या, इंजिन धडधाकट पण चालू न होणाऱ्या गाड्यांची रांग आपल्याला पाहावी लागेल.

हे हवेतले बोलणे वाटू नये म्हणून एक काम जवळून दाखवतो. टॅपेट सेट करणे. इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यात कागदाएवढी फट ठेवलेली असते. वापराने ती कमी-जास्त होते. फट कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तापतो आणि शेवटी जळतो. वाढली तर टकटक आवाज येतो आणि ताकद जाते. रांझी भागात व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक फिटर हे काम करताना मी अनेकदा पाहिले आहेत. इंजिन रात्रभर गार झालेले हवे, असा त्यांचा दंडक. टाकी उतरवायची, वरचे झाकण काढायचे, चाक फिरवून खूण जुळवायची, फीलर गेजची पाती फटीत सरकवायची. पाती ‘लोण्यातून सुरी जावी तशी नाही, थोडी अडखळत’ गेली पाहिजे, हे त्यांचे माप. मग लहान पान्याने लॉकनट सैल करून स्क्रू किंचित फिरवायचा, नट आवळायचा आणि पुन्हा पाती घालून बघायची, कारण नट आवळताना माप हमखास हलते. सकाळचा चहा ते दुसरा चहा, एवढ्या वेळात काम संपते. सुटा भाग एकही लागत नाही.

पाण्याने थंड होणाऱ्या, दोन कॅमशाफ्टच्या नव्या इंजिनांत हीच फट शिमने, म्हणजे ठरावीक जाडीच्या लहान चकतीने साधतात. चकती बदलायची तर बहुधा कॅमशाफ्ट उचलावा लागतो. आधीची चकती मायक्रोमीटरने मोजायची, हव्या त्या जाडीचा हिशेब करायचा, नेमकी तीच चकती मिळवायची आणि टायमिंग न चुकवता सगळे परत बसवायचे. हे तंत्र वाईट नाही. उलट फट खूप जास्त किलोमीटर टिकते, इंजिन जास्त वेगाने फिरू शकते. पण आमच्या फिटरकाकांनी मायक्रोमीटरने चकती अचूक मोजली तरी तिची बदली बाजारात सहज मिळत नाही. ज्ञान आहे, हात आहे, हत्यार आहे, आणि अडले ते काही रुपयांच्या चकतीवर. शहरातच ही अडचण, तर शहपुऱ्यात काय होणार?

पेट्रोलच्या वाटेचेही तसेच. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. कचरा आला तर बाऊल उघडा, जेट काढा, तोंडाने फुंका, गाडी चालू. इंजेक्शनच्या गाडीत टाकीच्या आत विजेवर चालणारा पंप असतो, तो दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. किती पेट्रोल सोडायचे हे इंजिनाचे तापमान, हवा, थ्रॉटल, क्रॅंक आणि धूर मोजणाऱ्या सेन्सरांवरून एक संगणक ठरवतो. जंगलपट्टीतल्या किराणा दुकानात बाटलीतून मिळणारे पेट्रोल या पंपाच्या जाळीला सोसत नाही. बॅटरी पार उतरली तर पंपच फिरत नाही, मग चार जणांनी ढकलूनही उपयोग नाही. आणि पडद्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की तो कशाचा, हे सांगणारे यंत्र गावातल्या मेकॅनिककडे नसते. बाजारात मिळणारे स्वस्त कोड-रीडर दोषाचा क्रमांक दाखवतात, पण पुढची कामे, म्हणजे नवा भाग संगणकाशी जुळवून देणे किंवा काही गाड्यांत एबीएसच्या पंपातली हवा काढणे, कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाहीत. गेल्या पावसाळ्यात माझ्या ओळखीच्या एका तरुणाची गाडी साइड स्टँडच्या सेन्सरमध्ये चिखल गेल्यामुळे जंगलात उभी राहिली. स्टँड वर होता, संगणकाला मात्र तो खाली वाटत होता, म्हणून गियर टाकताच इंजिन बंद. वायर कुठली हे माहीत असते तर ते दहा मिनिटांचे काम होते. माहीत नव्हते, म्हणून गाडी पिकअपमध्ये घालून आणावी लागली.

याचा अर्थ जुने ते सोने असा कोणी काढू नये. मी तो काढत नाही. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 निकष लागू झाले त्यामागे शहरांतल्या मुलांची फुप्फुसे होती. राजदूतच्या निळ्या धुराची आठवण गोड करून सांगण्यात मला रस नाही. 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, त्याने जीव वाचतात. इंजेक्शनची गाडी थंडीत पटकन चालू होते आणि लडाखच्या उंचीवर कार्ब्युरेटरपेक्षा निर्विवाद चांगली चालते. अमरकंटक मात्र जेमतेम हजार मीटरवर आहे, हे आमच्या भागातल्या चर्चेत कोणी लक्षात घेत नाही. आमचा प्रश्न उंचीचा नाहीच. मे महिन्यातल्या 44-45 अंशांचा आणि जुलैतल्या चिखलाचा आहे. पहिल्याला पाण्याने थंड होणारे इंजिन खरोखर उपयोगी पडते. दुसऱ्यात त्याच इंजिनाच्या रेडिएटरवर चिखलाचा थर वाळतो आणि वारा लागेनासा होतो, तेव्हा मुक्कामावर पोचल्यावर अंघोळीआधी रेडिएटर धुवावा लागतो. चाकाला चिकटून बसणारा खालचा मडगार्ड काळ्या मातीत काय करतो, हे ज्याने झाडाच्या काटकीने ती माती खरवडून काढली आहे त्याला विचारावे. उंच मडगार्डवाली एक्सपल्स या एका कारणासाठी इथे शहाणी ठरते, आणि त्याला एक पैशाचेही इलेक्ट्रॉनिक्स लागलेले नाही. नव्या रूपाच्या वादात असल्या गोष्टींना जागा मिळायला हवी.

गाडी कशामुळे टिकते याचा पुरावा जबलपुरात घरचाच आहे. जोंगा हे नावच मुळी जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्लीच्या आद्याक्षरांचे. निस्सानच्या ‘पॅट्रोल’ मालिकेवरून घेतलेली ही लष्करी गाडी 1969 ते 1999 अशी तीस वर्षे इथल्या व्हेइकल फॅक्टरीत बनली. पेट्रोल पिण्यात तिचा हात कोणी धरत नसे आणि आरामाच्या नावाने आनंद होता. लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा आज पाव शतक उलटल्यावरही लोकांनी चालत्या ठेवल्या आहेत. केवळ साधेपणामुळे त्या वाचल्या असे नाही. बुश, पिन, शाफ्ट लेथवर वळवून घेता येतात, आत काय आहे हे माहीत असलेली माणसे रांझी, आधारताल भागात होती, आणि एकच गाडी तीस वर्षे फारशी न बदलता बनल्याने तिचे भाग एकमेकींना लागत गेले. उघडता येणे, माहिती असणे आणि भाग मिळणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती तगली. त्यांतली एक जरी गेली तरी गाडी भंगारात.

हिरोच्या इम्पल्सकडे पाहिले तर हेच दुसऱ्या बाजूने दिसते. 2011 मध्ये आलेली ती 150 सीसीची गाडी या प्रकारातली आपल्याकडची धाडसी सुरुवात होती. खप झाला नाही, काही वर्षांत ती बंद पडली. तिचे इंजिन मात्र हंक आणि एक्स्ट्रीम या चालत्या गाड्यांच्या घराण्यातले होते, म्हणून पिस्टन, क्लच, गॅस्केट मिळत राहिले. फक्त तिच्यासाठी बनलेले प्लास्टिक आणि पुढच्या फोर्कचे भाग यांची मात्र मालकांना शोधाशोध करावी लागली. नवी गाडी घेताना तिचे इंजिन आणखी कोणत्या गाडीत आहे, हा प्रश्न मी म्हणूनच महत्त्वाचा मानतो. एखाद्या कंपनीवर संकट आले तर काय होते याचीही चुणूक नुकतीच दिसली. नोव्हेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रियातल्या केटीएमने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि पुढच्या वर्षी बजाजने पैसा ओतून तिला सावरले. आपल्याकडची 390 चाकणला बनते म्हणून तेवढा दिलासा. सुट्या भागांचे भवितव्य कुठल्या तरी परदेशी ताळेबंदावर टांगलेले असू शकते, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेतल्या कावासाकी केएलआर 650 ची कथा इथे सांगायला हवी, कारण मालकांच्या वादविवादात खरी ताकद कधी असते ते तिच्यातून कळते. 1987 पासूनची ही गाडी. तिच्या इंजिनात कंपने कमी करणाऱ्या बॅलन्सरची साखळी असते, आणि त्या साखळीला ताण देणारा एक लहानसा लिव्हर व त्याची स्प्रिंग. हा लिव्हर तुटतो, स्प्रिंग सैल पडते, आणि तुकडे इंजिनात फिरले तर मोठे नुकसान होते, हे मालकांनीच शोधून काढले. त्यांनी त्याला टोपणनाव दिले, बाहेरच्या कारागिरांनी मजबूत लिव्हर बनवले, आणि हजारो जणांनी घरच्या शेडमध्ये बाजूचे झाकण उघडून तो बदलला. 2008 च्या नव्या रूपात कंपनीनेही तो भाग सुधारला, तरी स्प्रिंगवरचा वाद चालूच राहिला. दोष होता तो लोखंडाचा, डोळ्याला दिसणारा, पान्याने पोचता येणारा. म्हणून मालकांच्या चर्चेतून औषध निघाले. तोच दोष संगणकाच्या आज्ञावलीत असता तर त्याच मालकांच्या हाती तक्रार करून वाट पाहण्याखेरीज काही उरले नसते. आपल्याकडे हिमालयनच्या पहिल्या खेपेबद्दल मालकांच्या तक्रारी पुष्कळ होत्या, आणि पुढच्या खेपा बऱ्याच सुधारल्या. मालकांचा आवाज पोचतो, हे त्यातून दिसले. पण उद्या गाडी त्यांना आतून कळेनाशी झाली तर ते कशाबद्दल आवाज उठवणार?

इंधनाचा विषय यातच येतो. 2025 पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल पोचले. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे रबर, प्लास्टिक त्याला सोसेल असे आहे. त्याआधीच्या गाड्यांचे सगळे तसे नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटले होते की जुन्या मोजमापाच्या दुचाकींचे मायलेज तीन ते चार टक्के घटू शकते. मायलेजपेक्षा मला काळजी पाइप, ओ-रिंग आणि डायफ्रामची वाटते, कारण ते हळूहळू फुगतात, चिरतात आणि नको तिथे दगा देतात. इथेनॉल ओलावाही ओढून घेते, तेव्हा पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी ठेवलेली गाडी दिवाळीत कुरकुर करणारच. ज्यांची 2016 ते 2022 मधली हिमालयन किंवा एक्सपल्स आहे त्यांनी पेट्रोलचे पाइप वर्षातून एकदा बोटाने दाबून पाहावेत. चिकट लागला किंवा वाकवल्यावर भेग दिसली की बदलावा. खर्च किरकोळ आहे, आणि त्यापायी पेट घेतलेल्या गाडीची किंमत किरकोळ नसते.

मालकांच्या वागण्याबद्दलही बोलले पाहिजे. गाडी दुरुस्त होत नाही म्हणून रडणारेच पुष्कळदा ती दुरुस्त न होणारी करून ठेवतात. जादा दिव्यांसाठी मूळ वायरिंगला ब्लेडने चिरून जोड देणे, एबीएसची फ्यूज काढून चालवणे, संगणकात कुठून तरी आणलेली आज्ञावली भरणे, मागच्या चौकटीच्या सोसण्यापलीकडे पेट्या लादणे. डिंडोरीच्या खड्ड्यांत ती चौकट तडकते तेव्हा दोष कंपनीला. कायदाही इथे ढिला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मूलभूत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. हक्काने माहिती मागायची तर गाडीशी इमानाने वागावे लागेल. दुरुस्ती वेगळी आणि मोडतोड वेगळी, हा फरक मालकांनी पाळला नाही तर कंपन्यांना कुलूप लावायला आयतेच कारण मिळते.

कुलूप शब्द मी जाणून वापरला. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2545 कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजना खुली न ठेवणे, हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका. पुढे अपिले झाली, पण कंपनीबाहेरच्या गॅरेजचा हक्क त्या आदेशाने कागदावर आला. तो आदेश मोटारींपुरता होता. जुलै 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनेही होती. त्याच वर्षी डिसेंबरात या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले. 2025 मध्ये दुरुस्ती किती सोपी याचा गुणांक ठरवण्याचा अहवाल आला, तो मोबाइल आणि उपकरणांपुरता. दुचाकी पुन्हा मागे राहिली, आणि देशातले सगळ्यात जास्त लोक ज्या वाहनावर बसतात ते हेच.

युरोपीय संघाचा 2013 चा 168 क्रमांकाचा नियम दुचाकींसाठी आहे. स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती भेदभाव न करता देणे कंपनीवर त्यात बंधनकारक आहे. आता पाहा. चाकणला बनलेली केटीएम आणि तमिळनाडूत बनलेली हिमालयन युरोपात विकल्या जातात. म्हणजे तिथल्या खेड्यातल्या मेकॅनिकला जी माहिती कायद्याने मिळते, ती ती गाडी जिथे बनली त्या देशातल्या मंडल्याच्या मेकॅनिकला हक्काने मिळत नाही. माहिती तयार आहे, छापलेली आहे, तिच्यावर नवा खर्च नाही. केवळ मागणी नाही म्हणून ती इथे अडवली गेली आहे. हे मला अन्यायाचे वाटते आणि तसे स्पष्ट म्हणण्यात मला संकोच नाही. सर्व्हिस मॅन्युअल, वायरिंगचे नकाशे आणि दोषांच्या क्रमांकांचे अर्थ दुचाकीच्या प्रत्येक मालकाला खुले असावेत आणि मॉडेल बंद झाल्यावर किमान दहा वर्षे भाग मिळावेत, एवढी साधी मागणी ग्राहक संघटनांनी आणि रायडिंग क्लबांनी एकत्र येऊन ग्राहक व्यवहार विभागाकडे लेखी नेली पाहिजे. यात मराठी मंडळींनी पुढाकार घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण दुचाकींच्या मोठ्या कारखान्यांपैकी काही पुण्याच्या आसपासच आहेत.

देवउठनी एकादशीनंतर परिक्रमेचा हंगाम सुरू होईल आणि महाराष्ट्रातून मोटरसायकली पुन्हा आमच्याकडे वळतील. त्यांच्यासाठी हे मागणे. नवी गाडी घेत असाल तर टेस्ट राइडच्या आधी सर्व्हिस मॅन्युअल मागा, आणि देत नाही म्हणाले तर ते लिहून द्या म्हणा. टॅपेट शिमचे आहे की स्क्रूचे हे विचारा. निघण्याआधी गाडीचे दोन हजार किलोमीटर घराजवळच करा, म्हणजे तिच्या खोडी घराजवळच कळतील. क्लच केबल, ब्रेक आणि क्लचचा एकेक लिव्हर, दोन्ही चाकांच्या ट्यूब, चाक उघडायचा पाना, फ्यूज आणि साखळीची जोडकडी एवढे सोबत ठेवा, आणि साइड स्टँडच्या सेन्सरची वायर कुठून जाते ते निघण्याआधी एकदा डोळ्याने पाहून घ्या. जबलपुरात पोचलात की पुढच्या जंगलपट्टीत शिरण्यापूर्वी एक दिवस थांबून गाडी पूर्ण तपासून घ्या. अमरकंटकपर्यंतच्या वाटेवर यानंतर एवढे मोठे शहर नाही.